ओस पाड्यांतला ईस्टर

ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते. ती कशी ठरते हे मात्र पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हा ख्रिस्तमंडळाचा जुना नियम. आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगायचे तर हा सण होळीच्या किंवा हनुमान जयंतीच्या पाठोपाठ येतो. २०२४ साली २५ मार्चला धुळवड झाली आणि ३१ मार्चला ईस्टर आला. २०२५ साली हनुमान जयंती १२ एप्रिलला होती व ईस्टर २० एप्रिलला. एरवी हा तपशील कुतूहलापुरताच राहिला असता. जव्हार व मोखाडा या तालुक्यांत मात्र पौर्णिमा कोणती यावर पाड्यात माणसे असणार की नसणार हेही थोडेबहुत अवलंबून असते, आणि म्हणून ईस्टरचा प्रश्न तेथे वेगळ्या रीतीने उभा राहतो.

२०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार. दोन्हीकडे नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत : वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. भात, नागली व वरई निघाली की डोंगरउतारावरच्या शेतीत काम उरत नाही. दिवाळी सरली की जोडपीच्या जोडपी मुलाबाळांसह व चार भांड्यांसह वाडा, भिवंडी, वसई, कल्याण या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. शाळेतल्या शिक्षकाला हे हजेरीपटावरून कळते आणि तहसील कचेरीतल्या कारकुनाला पुढे टँकरच्या प्रस्तावांवरून. होळी हा या मुलखाचा सर्वांत मोठा सण. तिच्यासाठी मजूर चार दिवस घरी येतो, शिमगा खेळतो, गावात बोहाड्याची सोंगे निघणार असतील तर तीही पाहतो, आणि पुन्हा भट्टीवर जातो. तो यानंतर परततो तो पावसाच्या तोंडाशी. ईस्टर येतो तो या दोन परतण्यांच्या नेमका मध्ये.

वसईच्या ख्रिस्ती मराठीत पॅरिशला ‘धर्मग्राम’ असा सुंदर शब्द रूढ आहे. एक चर्च, त्याच्याभोवतीची वस्ती, एकमेकांना ओळखणारी घरे, हे सगळे त्या शब्दात आहे. परंतु ग्रामच जेथे पाच-सहा महिने ओस पडते तेथे धर्मग्राम कोठे शोधायचे? या दोन तालुक्यांत ख्रिस्ती कुटुंबे थोडीच आहेत. त्यांतलीही जी स्थलांतर करतात त्यांच्या वाट्याला आपल्या धर्मातला सर्वांत मोठा सण सहसा विटांच्या थरांमध्येच येतो. नाताळ थोर खरा, पण ख्रिस्ती श्रद्धेचा पाया जन्मावर नसून पुनरुत्थानावर आहे. शनिवारच्या रात्रीचा जागरणविधी हा वर्षभरातल्या सगळ्या उपासनांचा कळस मानला जातो.

त्या विधीची रचना पाहण्यासारखी आहे. चर्चमधले सगळे दिवे मालवतात. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी पास्का मेणबत्ती लावतात आणि तिची ज्योत हातोहाती सगळ्या मंडळीत पसरते. गंमत अशी, की कित्येक शतके हा अंधाराचा विधी शनिवारी सकाळी, लख्ख उन्हात उरकला जात असे! बारावे पायस या पोपांनी १९५१ साली तो पुन्हा रात्री करण्यास मुभा दिली आणि १९५५ च्या सुधारणेने ते कायम झाले. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ मधील उपासनाविषयक संविधानाने लोकभाषेला चर्चचे दार उघडले आणि लॅटिनच्या जागी मराठी आली. मराठीला हा विषय अर्थातच नवा नव्हता. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात ख्रिस्ताचे मरण व पुनरुत्थान ओव्यांत आलेले आहे. तेव्हा, पुनरुत्थान ही मराठी मनाला परकी कल्पना आहे असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

ती वेगळी मात्र निश्चित आहे. आत्मा अमर आहे, देह हे जुने वस्त्र आहे, ही शिकवण आपल्या कानांना लहानपणापासून सवयीची असते. ख्रिस्ती श्रद्धा येथे आत्म्याच्या अमरत्वावर थांबत नाही. ती शरीराच्या पुनरुत्थानाची गोष्ट बोलते. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते, थोमा नावाच्या शिष्याने ते पाहिले, तळ्याकाठी निखाऱ्यांवर मासळी भाजून त्याने शिष्यांना न्याहारी दिली, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. ज्यांचा विश्वास नाही त्यांनी हे कथा म्हणून वाचावे. पण कथेचा रोख चुकू नये. देवाने जे उठवले ते घाव सोसलेले, भूक जाणणारे शरीर आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. २०१६ साली मोखाड्यातील कुपोषणाने पुन्हा तीच वार्ता दिली. अशा मुलखात शरीराच्या पुनरुत्थानाची घोषणा करणाऱ्यांना शरीराविषयी मौन पाळता येत नाही. पुनरुत्थान म्हणजे समाजकार्याचे दुसरे नाव, असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. तशी सोपी समीकरणे मांडणाऱ्यांनी श्रद्धेचेही नुकसान केले आहे आणि कार्याचेही. परंतु शरीर वगळून जे उरते ते पुनरुत्थान नव्हे, एवढे तर धर्मशास्त्रच सांगते.

जागरणविधीत अग्नीनंतर येते ते पाणी. त्या रात्री पाण्याला आशीर्वाद दिला जातो, नव्या भाविकांचा स्नानसंस्कार होतो आणि जुने भाविक आपल्या स्नानसंस्काराची वचने पुन्हा उच्चारतात. मुंबईच्या एखाद्या चर्चमध्ये या पाण्याकडे प्रतीक म्हणून पाहता येते. एप्रिल महिन्यात मोखाड्यातल्या बाईला ते तितके सोपे नाही. पावसाळ्यात धो धो बरसणाऱ्या या डोंगरांवर मार्चनंतर विहिरी तळ गाठतात आणि हंड्यासाठी उतार चढावे लागतात. वैतरणेवरचे मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात कोचाळे येथे आहे. २०१४ साली ते पुरे झाले आणि त्याचे पाणी मुंबईकडे वाहते. चर्चमधल्या त्या पात्रातले पाणीही कोणीतरी वाहून आणलेले असते. ते आणणाऱ्या बाईला त्या रात्री कोठे बसवले जाते, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. रिकामी कबर प्रथम पाहिली ती स्त्रियांनी, आणि त्यांचे बोलणे शिष्यांना वायफळ वाटले, असे लूकने नमूद करून ठेवले आहे.

मार्काच्या वृत्तांतात त्या स्त्रियांना मिळालेला निरोप अधिकच नेमका आहे. तो येथे नाही; तो तुमच्या आधी गालीलात जात आहे, तेथे तुम्हांला दिसेल, असा त्याचा आशय. यरुशलेम ही राजधानी. मंदिर तेथे, पुरोहित तेथे, सत्ता तेथे. गालील हा उत्तरेचा शेतकऱ्या-मासेमारांचा प्रांत. तिकडच्या माणसांची बोली अशी, की पेत्र बोलताच राजधानीतल्यांनी त्याला ओळखले. वारली किंवा कोकणा बोली बोलणाऱ्या मजुराला तालुक्याच्या बाजारात काय अनुभव येतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या तपशिलावर भाष्य करण्याची गरज नाही. निरोप असा, की भेट हवी असेल तर तिकडे जा. देवळात थांबून राहिलात तर चुकामूक होईल.

आता पालघर जिल्ह्याचा नकाशा पाहावा. २२ मे १९९८ रोजी मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निघाला. जव्हार-मोखाड्याचे डोंगर त्याच्याच कक्षेत येतात. म्हणजे वसईच्या पट्टीतली शतकानुशतकांची समृद्ध धर्मग्रामे आणि डोंगरातले ते तुरळक पाडे हे एकाच बिशपांच्या हाताखाली आहेत. भट्टीवर उतरलेला मजूर आपल्या डोंगरातून निघून पुष्कळदा याच सपाटीवर येतो. त्याने थापलेल्या विटांनी वसई, नालासोपारा, विरार येथल्या इमारती उभ्या राहिल्या. ईस्टरच्या सकाळी नवे कपडे घालून ज्या रस्त्याने मंडळी मिस्सेला जातात त्यापासून कित्येक ठिकाणी भट्टी फार दूर नसते. मध्यरात्र उलटली की तेथे माती तुडवणे सुरू होते, कारण विटा वाळवायला दिवसाचे ऊन हवे असते. चर्चमध्ये पास्का मेणबत्ती पेटते त्या रात्रीही तेथे गुडघाभर चिखलात नवरा-बायकोची ‘जोडी’ उभी असते. एकाच धर्मप्रांताची ही दोन टोके एकमेकांच्या शेजारी येतात आणि ओळख न पटता पुढे जातात. अम्माऊसच्या वाटेवर दोघा शिष्यांचे असेच झाले होते. बरोबर चालणारा कोण हे त्यांना भाकर मोडेपर्यंत उमगले नाही.

वसईच्या ख्रिस्ती समाजाला जमिनीचा व पाण्याचा प्रश्न कळत नाही असे नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकातून आणि हरित वसईच्या चळवळीतून तो कित्येक वर्षे मांडला. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले आणि २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. स्वतःच्या बागायतीवर संकट आले तेव्हा हा समाज रस्त्यावर उतरला. दुसऱ्याच्या मजुरीवर संकट असते तेव्हा तो काय करतो, हे पाहणे बाकी आहे.

येथे एक आक्षेप ऐकू येईल, आणि तो टाळून चालणार नाही. चर्चने भट्टीवर जायचे म्हणजे धर्मांतर करायला जायचे, असे म्हणणारे लोक जिल्ह्यात आहेत व त्यांचा आवाज मोठा आहे. आदिवासी ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती काढाव्यात, अशीही मागणी होत असते. कायद्याची स्थिती अशी, की अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींच्या आदेशात नाही. पण संशयाचे उत्तर कायद्याच्या कलमाने पुरे होत नाही. भट्टीवरचे बहुसंख्य मजूर ख्रिस्ती नाहीत. चर्चची माणसे तेथे फक्त आपल्या चार घरांची विचारपूस करून परतली तर संशय वाढेल, आणि मदतीच्या मोबदल्यात कोणाच्या श्रद्धेला हात घातला गेला तर तो रास्तच ठरेल. ज्याला आपल्याकडून काहीही मिळवायचे नाही त्याच्याजवळ बसता येणे, ही कसोटी कठीण आहे. जिल्ह्याच्या इतिहासात एक गोष्ट चर्चने नम्रपणे आठवावी अशी आहे : १९४५ साली उंबरगाव-डहाणूचे वारली वेठबिगारीविरुद्ध उठले तेव्हा त्यांच्याबरोबर उभे होते ते किसान सभेचे शामराव व गोदावरी परुळेकर. ते साम्यवादी होते. देवाचे नाव न घेताही त्यांनी मेलेल्यांत जमा झालेल्या माणसांना उभे केले.

भट्टीवर काय करता येते याचे नमुनेही परक्या देशातून आणावे लागत नाहीत. मजुरांच्या झोपडीला ‘भोंगा’ म्हणतात. विवेक पंडित यांच्या विधायक संसदेने याच परिसरात भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवून दाखवल्या. शासनाने पुढे स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड काढले, मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे काढली. कागद आणि मूल यांची गाठ घालून देणारा माणूस मात्र दर ठिकाणी असतोच असे नाही. डोंगरातल्या धर्मग्रामाने दिवाळीनंतर कोणते घर कोणत्या भट्टीवर गेले याची वही ठेवावी आणि ती खालच्या धर्मग्रामाकडे पोचवावी, याला फार मोठा निधी लागत नाही. पुनरुत्थानाची मिस्सा एखाद्या वर्षी भट्टीच्या आवारात, माती तुडवण्याची वेळ सांभाळून करता येईल. मालक परवानगी देईल का, हा प्रश्न उरतो. पण तो विचारल्याशिवाय उत्तर कसे कळणार?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट हिशेबाची. पुष्कळ मजुरांनी हंगामाआधी उचल घेतलेली असते. लग्न, आजारपण, घरातले रिते मडके, कारण काहीही असो. हजार विटांमागे दर ठरतो, आठवड्याला खर्ची मिळते, आणि मे महिन्यात मालकाच्या चोपडीवरून हिशेब होतो. थापलेल्या विटा किती, पावसाने भिजून गेलेल्या किती, खर्ची किती वळती केली, हे सगळे त्या चोपडीत असते आणि ती मजुराला वाचता येत नाही. हिशेब फिटला नाही तर शिल्लक पुढच्या वर्षावर जाते आणि तोच माणूस त्याच भट्टीवर बांधला जातो. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. त्याच्या कलमांना या चोपडीपर्यंत पोचायला कोणीतरी वाचणारा लागतो. वसईच्या धर्मग्रामांत निवृत्त शिक्षक, बँकेतले व कचेऱ्यांतले कारकून यांची वाण नाही.

ईस्टर हा एका दिवसाचा सण नाही. चर्चच्या पंचांगात तो पन्नासाव्या दिवशी, पवित्र आत्म्याच्या सणाला संपतो. पास्का मेणबत्ती तोवर वेदीजवळ तेवत ठेवतात. २०२६ च्या पंचांगात हे दिवस ५ एप्रिल ते २४ मे असे पडतात. भट्ट्यांवरचे हिशेब उरकतात आणि टेंपोत भांडी चढवून माणसे जव्हार-मोखाड्याकडे निघू लागतात, ती याच काळाच्या अखेरीस.