आधी खिडकी, मग दिवा

छायाचित्रणाचा छंद लागला की पहिला हट्ट असतो तो दिव्यांचा. कॅमेरा आज घरातल्या मोबाइलमध्येच असतो. मग दोन दिवे, दोन स्टँड आणि पांढऱ्या छत्र्या असा संच हवा, निदान कड्यासारखा गोल दिवा तरी हवाच, असे वाटू लागते. ज्या घरात त्यासाठी पैसे नसतात, तिथली मुले 'आपल्याला हे जमणार नाही' असे ठरवून मोकळी होतात. माझ्या मते हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का, हे तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या प्रकाशाच्या धड्यावरूनच समजू शकते.

आपल्या खानदेशातलेच उदाहरण घेऊ. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावला, जिथून धुळ्याचा रेल्वेफाटा निघतो तिथे, केकी मूस (१९१२–१९८९) हे थोर छायाचित्रकार होऊन गेले. आयुष्याची जवळजवळ ५० वर्षे त्यांनी आपल्या घरातच काढली. त्या घराला त्यांनी नाव दिले होते रेम्ब्रांट या डच चित्रकाराचे. एका बाजूने येणारा प्रकाश आणि दुसऱ्या बाजूचा गडद अंधार यांसाठी रेम्ब्रांट (१६०६–१६६९) प्रसिद्ध आहे. मूस यांची ख्याती होती 'टेबलटॉप' छायाचित्रणासाठी. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या आणि खऱ्याखुऱ्या दृश्याचा भास निर्माण करायचा, अशी ही कला आहे.

आता विचार करा, असा भास कशाने होतो? आकाशात सूर्य एकच. त्यामुळे उघड्या माळावर प्रत्येक झाडाची सावली एकच असते आणि सगळ्या सावल्या एकाच दिशेला पडतात. टेबलावरच्या देखाव्यावर दोन सारखे दिवे लावले, की प्रत्येक वस्तूला दोन सावल्या फुटतात आणि सोंग उघडे पडते. याउलट गोल दिवा भिंगाच्या चहूबाजूंनी प्रकाश टाकतो, म्हणून सावल्याच नाहीशा होतात आणि वस्तू सपाट दिसू लागते. म्हणजे शिकाऊ माणसाला मुख्य प्रकाश एकच पुरे, नव्हे, एकच हवा.

हा एक प्रकाश फुकट मिळतो तो खिडकीतून. सूर्य प्रचंड असला तरी आपल्याला तो जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून उन्हातली सावली कडक असते. मीटरभर रुंदीची खिडकी मीटरभर अंतरावरून त्याहून कितीतरी मोठी दिसते, म्हणून तिची सावली मऊ असते. उत्तरेची खिडकी मिळाली तर उत्तमच. मात्र उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिच्यातूनही तिरपे ऊन येते, तेवढा वेळ सोडा. अंधाऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की परावर्तित प्रकाशाने सावली उजळते. रंगीत भिंत मात्र टाळा, कारण तिचा रंग वस्तूवर उतरतो.

प्रकाश कमी पडतो, अशी तक्रार असते. पण फूल, खडक, केळीचे पान यांना कुठे घाई असते? मोबाइलला विटांचा भक्कम आधार द्या आणि १/५० सेकंदाऐवजी पूर्ण १ सेकंद प्रकाश आत घ्या (पुष्कळ मोबाइलमध्ये अशी सोय असते). ५० पट प्रकाश मिळाला! पन्नास दिव्यांचे काम दोन विटांनी केले.

रात्री काम करायचे असेल, किंवा घराला पुरेशी खिडकीच नसेल, तर दिवा घ्यावा. पण एकच घ्यावा. ९ वॅटचा साधा एलईडी बल्ब आणि वाकवता येणारा टेबललॅम्प पुरतो. बल्बच्या खोक्यावर दोन आकडे वाचा. पहिला केल्व्हिनचा: २७०० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे दिवसासारखा पांढरा. खिडकी आणि पिवळा दिवा एकत्र वापरू नका, रंगांचा घोळ होतो. दुसरा 'सीआरआय'चा, तो दिलेला असेल तर. सूर्यप्रकाशाला १०० गुण धरतात. ९० च्या वरचा बल्ब रंग बरेच खरे दाखवतो. बल्बपुढे थोड्या अंतरावर पांढरे कापड ताणले की प्रकाश मऊ होतो. हे फक्त एलईडीपुढेच करावे. हॅलोजन दिवा इतका तापतो की कापड पेटू शकते. उघड्या बल्बचे अंतर दुप्पट केले की वस्तूवरचा प्रकाश चौथाई होतो, हेही ध्यानात ठेवा.

उडणारा पक्षी किंवा धावणारे मूल टिपायचे तर भरपूर प्रकाश किंवा फ्लॅश लागतो, हे मला मान्य आहे. पण ती पुढची पायरी झाली. शिक्षकांनाही एक विनंती आहे. एक टेबललॅम्प, एक चांगला बल्ब, पांढरे-काळे पुठ्ठे आणि मोबाइल धरणारा एक स्टँड एवढे सामान शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवावे आणि मुलांना आळीपाळीने वापरू द्यावे. प्रत्येक घराने वेगळा संच घेण्यापेक्षा हे स्वस्त पडेल, आणि प्रकाशाचा धडा फळ्यावरून टेबलावर येईल.

आता एक प्रयोग करा. भरिताचे एक गुळगुळीत वांगे खिडकीपाशी ठेवा. त्याच्या सालीवर खिडकीचे छोटे प्रतिबिंब चकाकताना दिसेल. वांगे खिडकीपासून दूर नेत जा आणि दर अर्ध्या मीटरवर एक फोटो काढा. प्रतिबिंब कसे बदलते, सावलीची कड कशी बदलते, ते वहीत लिहा. मग कोणत्याही जाहिरातीतल्या चकचकीत वस्तूकडे नीट पाहा. तिच्यावरच्या चकाकीवरून दिवे किती होते आणि कोणत्या बाजूला होते, हे तुम्हाला पुष्कळदा ओळखता येईल. एवढे जमू लागले की दिवा विकत घ्यायचा का आणि कोणता, हे तुमचे तुम्हीच ठरवाल.