पुस्तकातला नायक आणि पडद्यावरचा नायक

एखादी लोकप्रिय कादंबरी मालिकेच्या रूपाने दूरचित्रवाणीवर येणार, अशी वार्ता कानी पडताच तिच्या वाचकांच्या मनात आनंद आणि धास्ती एकदमच दाटून येतात. ज्या व्यक्तींना इतके दिवस केवळ मनश्चक्षूंनी पाहिले, त्या आता चालताबोलताना दिसणार, याचा आनंद. आणि त्या मनातल्या रूपाशी जुळतील काय, याची धास्ती. मालिका सुरू झाली, की बहुधा धास्तीच वरचढ ठरते. ‘पुस्तकात असे नव्हते’ हे मग प्रत्येक संभाषणाचे पालुपद होते. ही तक्रार जुनी आहे आणि जगभर ऐकू येते. परंतु ती दर वेळी न्याय्य असते काय, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

या प्रश्नाचा विचार करण्यास अमेरिकेतील एका मालिकेचे उदाहरण फार उपयोगी आहे. जिम बुचर या लेखकाची ‘स्टॉर्म फ्रंट’ ही कादंबरी 2000 साली प्रसिद्ध झाली. ‘द ड्रेस्डेन फाइल्स’ या कादंबरीमालेचा हा पहिला भाग. तिचा नायक हॅरी ड्रेस्डेन हा शिकागो शहरात राहणारा खाजगी गुप्तहेर आहे, आणि तो खराखुरा जादूगारही आहे. ज्या गुन्ह्यांचा उलगडा पोलिसांना होत नाही, त्यांच्या तपासासाठी त्याला बोलावले जाते. गुप्तहेरकथेतील तर्क आणि अद्भुतकथेतील चमत्कार यांचा हा संगम वाचकांना इतका आवडला, की 2006 सालापर्यंत या मालेत आठ कादंबऱ्या झाल्या. 2007 च्या जानेवारीत तिच्यावर आधारलेली मालिका अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर दाखल झाली. पॉल ब्लॅकथॉर्न या नटाने नायकाची भूमिका केली.

मालिका सुरू होताच प्रेक्षकांचे दोन तट पडले. कादंबऱ्या वाचलेल्यांच्या तक्रारींची यादी बरीच लांब होती. पुस्तकातील हॅरीच्या हाती कोरीव लाकडी दंड असतो. पडद्यावर त्याच्या हाती चक्क हॉकीची काठी आली आणि मंतरलेल्या कांडीची जागा ढोल वाजवण्याच्या टिपरीने घेतली. पुस्तकात तो जुनी, खिळखिळी झालेली निळी फोक्सवॅगन बीटल चालवतो; पडद्यावर तिची जीप झाली. पोलीस अधिकारी मर्फी ही पुस्तकात ठेंगणी, सोनेरी केसांची, मारामारीच्या विद्येत निष्णात अशी स्त्री आहे. पडद्यावर ती काळ्याभोर केसांची झाली, एका मुलीची आई झाली, तिचे पहिले नावही बदलले. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे बॉब. पुस्तकात बॉब हा मानवी कवटीत वास करणारा एक अशरीरी आत्मा आहे. त्याला ज्ञान अफाट आहे, पण स्वतःचा देह कधीच नव्हता. मालिकेत मात्र तो शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या एका जादूगाराचे भूत बनला, आणि टेरेन्स मॅन या नटाच्या रूपाने खोलीत वावरू लागला.

या तक्रारी खोट्या नव्हत्या. प्रत्येक बदल खरोखरच झाला होता. परंतु बदल झाला आहे हे दाखवून देणे आणि तो वाईट आहे हे सिद्ध करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांत सर्वाधिक घोटाळा होतो तो नेमका येथे. ‘वेगळे आहे’ एवढे म्हटले, की ‘बिघडले आहे’ हे आपोआप सिद्ध झाले, असे मानले जाते.

बॉबचेच उदाहरण घ्यावे. कादंबरी हॅरी स्वतः सांगतो. त्याच्या मनातील शंका, भीती, विनोद हे सारे वाचकाला थेट ऐकू येते. छायाचित्रकाला मात्र माणसाच्या मनात शिरता येत नाही. नायकाच्या मनातील विचार बाहेर आणायचे, तर त्याला बोलण्यासाठी समोर कोणी तरी हवे. फळीवर ठेवलेली कवटी पुस्तकात हवे तितके बोलू शकते, कारण तेथे तिचे शब्दच तिचा चेहरा असतात. पडद्यावर प्रत्येक भागात कवटीशीच संवाद चालू राहिला असता, तर प्रेक्षक लवकरच कंटाळला असता. मालिकाकर्त्यांनी तिला माणसाचा चेहरा दिला आणि त्याबरोबर एक दुःखही दिले. हा बॉब दिसतो, बोलतो, चालतो. परंतु कशालाही स्पर्श करू शकत नाही. मेलेल्या प्रियेला निषिद्ध विद्येने परत आणण्याचा प्रयत्न केल्याबद्दल त्याला ही शिक्षा भोगावी लागत आहे. पुस्तकातील बॉब गमावल्याची हळहळ वाचकांना वाटली, ती स्वाभाविकच होती. पण त्याच्या जागी जे आले, ते निर्जीव नव्हते.

गाडी आणि काठी यांबाबतची तक्रार तर याहूनही किरकोळ ठरते. उंच नट आणि चित्रीकरणाची सामग्री त्या चिमुकल्या मोटारीत मावणे अवघडच. पुस्तकात मोटार एका वाक्यात उभी राहते, पडद्यावर तिच्यात खरोखर बसावे लागते. हॉकीची काठी खांद्यावर टाकून रस्त्याने जाणाऱ्या माणसाकडे शिकागोसारख्या शहरात कोणी वळूनही पाहणार नाही. ज्याला आपली विद्या लपवून जगायचे आहे, त्याला ते साधन शोभून दिसते.

मग कोणतेच बदल आक्षेपार्ह नसतात काय? तसे मुळीच नाही. प्रत्येक कथेला एक गाभा असतो. अद्भुत गुप्तहेरकथेत तर तो गाभा म्हणजे त्या कथेतील जगाचे नियम होत. सामान्य गुप्तहेरकथेत गुन्हेगाराला भिंतीतून आरपार जाता येत नाही, म्हणून बंद खोलीतील खून हे कोडे ठरते. जेथे जादू आहे, तेथे काहीही घडू शकेल, असे एकदा ठरले, की कोड्याला अर्थच उरत नाही. म्हणून अशा कथेच्या लेखकाला जादूभोवती कुंपण घालावे लागते. बुचर यांच्या कादंबऱ्यांत ते कुंपण मोठे पक्के आहे. जादूने माणसाचा जीव घेणे हा तेथे सर्वांत मोठा अपराध, आणि त्याची शिक्षा मृत्यू. हॅरीने तरुणपणी आपल्या गुरूचा जीव स्वसंरक्षणासाठी जादूनेच घेतलेला असतो. म्हणून जादूगारांची परिषद त्याच्याकडे कायम संशयाने पाहते. ज्याच्यावर स्वतःवरच आरोप आहे, असा माणूस इतरांसाठी न्याय शोधत हिंडतो, हे या कथेचे मर्म आहे.

मालिकेने हे मर्म सोडले नाही. तिने गुरूला मामा केले, त्याचे आडनाव बदलले. पण हॅरीच्या हातून घडलेला तो मृत्यू आणि त्यामुळे डोक्यावर टांगलेली तलवार, ही दोन्ही कायम ठेवली. तक्रारींच्या लांबलचक यादीत या गोष्टीची नोंद क्वचितच दिसे. केसांचा रंग बदललेला सर्वांना दिसला. टिकून राहिलेला गाभा मात्र डोळ्यांआड झाला.

मालिकेचे खरे दोष वेगळे होते, आणि त्यांवर बोट ठेवणे न्याय्यच होते. पहिल्या कादंबरीवर आधारलेला आरंभीचा दीर्घ भाग जसाच्या तसा न दाखवता कापून लहान केला गेला आणि तो आठव्या क्रमांकावर दाखवला गेला. ज्या भागाने ओळख करून द्यायची, तोच मध्ये कोठे तरी आला. शिवाय दर आठवड्यास नवे प्रकरण उघडून त्याच भागात मिटवण्याच्या रीतीमुळे कादंबऱ्यांतील हळूहळू विस्तारत जाणाऱ्या जगाला पडद्यावर पुरता अवकाश मिळाला नाही. अखेर 2007 च्या एप्रिलमध्ये, अवघ्या बारा भागांनंतर, मालिका थांबली आणि पुढे ती रद्द झाल्याचे जाहीर झाले. गंमत अशी, की ती बंद झाल्यावर हळहळणाऱ्यांत पूर्वी तक्रार करणारे वाचकही होते.

भारतीय प्रेक्षकांनाही हा अनुभव नवा नाही. देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, 1888 साली प्रसिद्ध झाली. वेष पालटून शत्रूच्या गोटात शिरणारे, बेशुद्धीची पूड जवळ बाळगणारे तिच्यातील ऐयार म्हणजे अद्भुतकथेतील गुप्तहेरच होत. ती वाचता यावी म्हणून अनेकांनी देवनागरी अक्षरे गिरवली आणि हिंदी शिकून घेतली, असे हिंदी साहित्याच्या इतिहासात आवर्जून सांगितले जाते. शंभर वर्षांनंतर, 1994 साली, नीरजा गुलेरी यांनी याच कादंबरीच्या आधारे दूरदर्शनवर मालिका सादर केली. तिने मूळ कथेपासून पुष्कळ फारकत घेतली. जाणकारांनी नाके मुरडली. पण रविवारी सकाळी घरोघरी माणसे तिच्यासमोर खिळून बसत. क्रूरसिंहाच्या तोंडचा ‘यक्कू’ हा उद्गार मूळ पुस्तकात नाही. तरीही एका पिढीच्या लेखी क्रूरसिंह म्हणजे ‘यक्कू’च. येथे मात्र वाचकांच्या एका आक्षेपात तथ्य होते. खत्रींच्या कादंबरीतील तिलिस्म यंत्रे, कळा आणि कारागिरी यांच्या बळावर चालतो. त्यातील नवलाचा उलगडा बुद्धीने होतो. पडद्यावर त्याची जागा पुष्कळदा नुसत्या जादूटोण्याने घेतली. हा बदल केसांच्या रंगासारखा वरवरचा नव्हता. तो त्या जगाच्या नियमातला होता.

यावरून एक कसोटी हाती येते. रूपांतर पाहताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. बदल केवळ बाह्य रूपात आहे काय? असल्यास तो उदारपणे स्वीकारावा. बदल व्यक्तीच्या स्वभावात आहे काय? असल्यास त्याने कथेला काय दिले आणि तिचे काय हिरावले, याचा हिशेब मांडावा. बदल कथेच्या गाभ्यात, तिच्या न्यायात, तिच्या जगाच्या नियमांत आहे काय? असल्यास निःसंकोचपणे विरोध करावा. या क्रमाने विचार केला, तर टीकेला धार येते आणि रागाला लगाम बसतो.

या वादाला आणखी एक बाजू आहे, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. ‘पुस्तकात असे नव्हते’ या वाक्यात कित्येकदा एक सूक्ष्म अहंकार दडलेला असतो. ‘मी वाचले आहे, तू केवळ पाहिले आहेस’ असा त्याचा सूर असतो. परंतु पुस्तक हाती न येण्याची कारणे अनेक असतात. कोणाची शाळा मध्येच सुटलेली असते, कोणाच्या गावात ग्रंथालय नसते, कोणाचा दिवस कष्टातच मावळतो, तर कोणाला त्या पुस्तकाची भाषा येत नाही. अशा माणसाला कथेचे दार पडद्याच्या बाजूने उघडले, तर त्यात उणेपणा कसला? त्याने पाहिलेला नायक हा त्याच्यापुरता पहिला आणि खरा नायक असतो. त्याच्या आनंदाला हसणे म्हणजे रसिकता नव्हे.

मात्र पडदा हे दार आहे, घर नव्हे, याचे भान प्रेक्षकानेही ठेवले पाहिजे. पडदा एकच चेहरा दाखवतो आणि तोच सर्वांना स्वीकारावा लागतो. पुस्तकात वाचणाऱ्या प्रत्येकाचा हॅरी निराळा, प्रत्येकाची चंद्रकांता निराळी. अक्षरांवरून व्यक्ती उभी करण्याचे काम वाचक स्वतः करतो. म्हणूनच ती त्याला आपली वाटते, आणि म्हणूनच पडद्यावरचा परका चेहरा पाहून तो दुखावतो. त्याचा राग हा खरे तर त्याने केलेल्या निर्मितीवरील प्रेमाचाच पुरावा आहे. ज्याने केवळ मालिका पाहिली, त्याला हा निर्मितीचा आनंद अजून मिळायचा आहे. आणि तो मिळवण्यास वयाची, पदवीची वा परवानगीची अट नाही.

बुचर यांनी स्वतः या वादात शहाणपणाची भूमिका घेतली. मालिका म्हणजे पुस्तक नव्हे. तिच्याकडे एक समांतर जग म्हणून पाहावे, असे त्यांनी वाचकांना सुचवले. मालिका बंद झाली, पण कादंबऱ्या येत राहिल्या. 2020 या एकाच वर्षी त्यांत दोघींची भर पडली. हॉकीच्या काठीने कोरीव दंडाचे काही बिघडवले नाही. चांगली कथा इतकी नाजूक नसते, की एका रूपांतराने ती मोडून पडावी. तिला जपायचे असेल, तर पडद्यावर राग काढण्यापेक्षा ती पुन्हा एकदा वाचावी, आणि ज्याने ती केवळ पाहिली आहे, त्याच्या हाती पुस्तक द्यावे.