रथ भिलपुऱ्यात थांबतो

कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. १८७२ मध्ये संत अप्पा महाराजांनी सुरू केलेला. चाकाखाली मोगरी घालत, घामाघूम होत माणसं तो अवजड लाकडी रथ आवरतात. भिलपुऱ्यात तो थांबतो आणि लालशा बाबा या मुस्लिम संतांच्या समाधीवर चादर चढते. अप्पा महाराज आणि लालशा बाबा यांची मैत्री होती, असं गाव सांगतं.

मग राम आणि अल्ला एकच का? आमचं मत विचाराल तर, ‘सगळे देव एकच’ हे उत्तर जरा आळशीच. मूर्तीपुढे हात जोडणं एकाची भक्ती, दुसऱ्याला ते निषिद्ध. हा फरक खराच आहे, तो झाकू नये. पण देवाबद्दल एकमत झाल्याशिवाय शेजारधर्म पाळायचा नाही, असं कुणी ठरवलं? यंदा रथाला याल, तेव्हा भिलपुऱ्यापर्यंत चालत या.