चाकूचें पातें मधोमध हवें

घडीच्या चाकूची किंमत आपण त्याच्या धारेवरून ठरवितों. धार गेली कीं चाकू निकामी झाला असें म्हणून तो फडताळाच्या कोपऱ्यांत ढकलून देतों. वस्तुतः धारेहूनहि अधिक महत्त्व आहे तें ज्या खिळ्याभोंवतीं पातें फिरतें त्या खिळ्याला, म्हणजे चाकूच्या आंसाला. धार बोथट झाली तर काम अडेल. आंस बिघडला तर बोट कापेल. ज्या घरांत एकच चाकू आजोबांच्या सुपारीपासून नातवंडांच्या पेन्सिलीपर्यंत सर्वांच्या हातांतून फिरतो, त्या घरानें तरी ही गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी.

परीक्षा सोपी आहे. चाकू मिटावा आणि ज्या फटींत पातें शिरतें ती उजेडाकडे करून पाहावी. पातें मुठीच्या दोन्ही अंगांपासून सारख्या अंतरावर दिसलें तर उत्तम. एका अंगास टेकत असेल तर उघडतां-मिटतांना धार आंतल्या पत्र्यावर घासत राहते. ‘कालच धार लावली, आज गेली’ या तक्रारीचें मूळ पुष्कळदां येथेंच असतें. नंतर चाकू उघडून पात्याची पाठ चिमटींत धरावी व डावीउजवीकडे हलवून पाहावी. पातें डुलत असेल तर आंस सैल आहे. तें वरखालीं हलत असेल तर मात्र दोष बहुधा कमानीचा किंवा खटक्याचा. तेथें आंस कितीहि आवळला तरी उपयोग व्हावयाचा नाहीं.

पातें कलतें कां? हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांतील कुरुंद्याचेंच उदाहरण घ्या. हा मुलूख केळीचा आणि हळदीचा. चाकूनें केळीचें पान कापलें, घड उतरविला कीं चीक सांध्यांत शिरतो आणि वाळून घट्ट बसतो. त्यावर हळदीची पूड व शेताची धूळ चिकटते. ही पुटें आंसाच्या दोन्ही बाजूंस सारखीं बसत नाहींत. ज्या बाजूस अधिक, तिच्या विरुद्ध बाजूस पातें रेटलें जातें. त्यांत आपण भर घालतों ती तेलाची. जवसाचें व करडईचें तेल वाऱ्यानें दाट होऊन वाळतें, आणि खोबरेल सुमारें २४ अंशांखालीं गोठतें. म्हणून सांध्यास शिवणयंत्राचें पातळ तेल एकच थेंब द्यावें, आणि फळ चिरण्यापूर्वीं पातें पुसून घ्यावें. घाणीखेरीज झिजलेली किंवा वांकलेली चकती, मुठीचे असमान आवळलेले स्क्रू आणि मुळांतच वांकडें असलेलें पातें, हींहि कारणें असूं शकतात.

तेव्हां पहिला उपाय पेचकसाचा नव्हे, सफाईचा. धारेवर कापडाची जाड पट्टी गुंडाळावी, कोमट साबणाच्या पाण्यानें सांधा धुवावा, पूर्णपणें वाळवावा व तेल द्यावें. पुष्कळ चाकू एवढ्यानेंच ताळ्यावर येतात. न आले, आणि आंस स्क्रूचा असला, तर मुठीचे स्क्रू किंचित् सैल करावे. आंसहि थोडा सैल करावा. चाकू मिटून पातें ज्या बाजूस कललें असेल तिच्या उलट दिशेस हलक्या हातानें दाबून धरावें आणि आंस आवळत यावें. डुलणें थांबलें कीं थांबावें. पातें जड फिरूं लागलें तर स्क्रू वर्तुळाच्या आठव्या भागाइतका मागें घ्यावा. मग मुठीचे स्क्रू आळीपाळीनें थोडे थोडे आवळावे, कारण एकच आधीं पुरता आवळला तर मूठ तिकडे ओढली जाते.

येथें मोह आवरावा लागतो. पातें केसभर एका बाजूस आहे पण घासत नाहीं व डुलतहि नाहीं, तर त्यास तसेंच राहूं द्यावें. निव्वळ डोळ्याच्या समाधानासाठीं आंस करकचून आवळला तर चाकू उघडण्यास जोर लागतो, नख निसटतें आणि इजा होते. घरांतील मुलांच्या दृष्टीनें ताठर चाकू हा सैल चाकूइतकाच वाईट.

ठोकलेल्या खिळ्याचे, म्हणजे रिव्हेटचे, चाकू निराळे. स्वित्झर्लंडांत कार्ल एल्सनर यांनीं १८९७ सालीं नोंदविलेला लष्करी अधिकाऱ्यांचा प्रसिद्ध चाकू याच जातीचा. त्यांत फिरविण्यास स्क्रूच नाहीं. सैल झालेला असा खिळा ऐरणीवर ठेवून लहान हातोडीच्या हलक्या ठोक्यांनीं बसवितात. एक ठोका अधिक पडला तर पातें जखडतें व तें सोडविणें कठीण होतें. तें काम अनुभवी लोहाराच्या हातचें. घरीं करूं नये.

हेंच शास्त्र अडकित्त्यास व मोडत्या विळीसहि लागू आहे. अडकित्त्याचा खिळा सैल झाला कीं सुपारी कातरली न जातां चिरडते. विळीचा सांधा सैल झाला कीं नारळ खवतांना पातें डुलतें आणि तळहात धोक्यांत येतो. वाचकभगिनींनीं ही परीक्षा आपल्या विळीवर आजच करून पाहावी.

आंस नीट झाल्यावरच धारेकडे वळावें. धारेसाठीं आपल्याकडे पूर्वापार वापरांत असलेला कुरुंद कुरुंदा गांवाच्या नांवाशीं सहज जुळतो. तो भारी कठीण: मोह्स या जर्मन शास्त्रज्ञानें १८१२ सालीं लावलेल्या श्रेणींत हिऱ्याला १० अंक तर कुरुंदाला ९. माणिक आणि नीलम हे त्याचेच रंगीत भाऊबंद. कुरुंदाची पूड लाखेंत घालून केलेल्या चाकांवर रत्नें घासण्याची रीत या देशांत जुनी आहे. पण एवढ्या कठीण दगडानें लावलेली धारहि कललेलें पातें दोन दिवसांत घालवून बसतें. म्हणून धार लावणारा दारीं आला तर पातें त्याच्या हातीं देण्यापूर्वीं एकदां उजेडाकडे धरून पाहावें. तें मधोमध असेल तर त्याला दिलेले पैसे सार्थकीं लागतील. आणि वडिलांच्या हातचा चाकू आणखी एका पिढीच्या उपयोगी पडेल.