वादळानंतरचा ताळेबंद

दि. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या घरात होता. पूर्वसूचना वेळेवर मिळाल्यामुळे किनाऱ्यावरील हजारो लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलविता आले आणि मनुष्यहानी मर्यादित राहिली. पुढे वादळ क्षीण होत घाट चढून आले. त्याचा वारा-पाऊस तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यालाही लागला. येथे तो एका रात्रीचा अनुभव ठरला. किनाऱ्यावर मात्र त्या काही तासांचा हिशेब अनेक वर्षांचा झाला.

असे का झाले, हे व्यापारी कुटुंबाला ताळेबंदाच्या भाषेत लवकर उमजेल. दुकानातील माल भिजला तर तोटा होतो. पण दुकान उभे असेल, पत असेल, तर पुढच्या हंगामात तो भरून काढता येतो. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, हर्णै या भागांतील नारळ-पोफळीच्या वाड्यांचे तसे नव्हते. वादळात त्या वर्षाचे पीक गेले एवढेच नाही, तर पीक देणारी झाडेच मुळासकट आडवी झाली. व्याज बुडाले आणि मुद्दलही गेले.

पोफळ लावल्यानंतर पहिले फळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात आणि भरघोस उत्पन्न त्याहून उशिरा सुरू होते. उंच जातीच्या नारळाचीही हीच गत. कोकणातील पारंपरिक वाडी म्हणजे नारळ, पोफळ, जायफळ, मिरी आणि केळ यांची एकावर एक रचलेली माडीच असते. आजोबांनी लावावे, मुलाने जोपासावे आणि नातवाने खावे, असा तिचा क्रम. श्रीवर्धनची ‘रोठा’ सुपारी बाजारात नावाजली, ती अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या ठेवीवर.

शासनाने मदत जाहीर केली. फळबागांसाठीचा हेक्टरी १८,००० रुपयांचा दर वाढवून ५०,००० रुपये करण्यात आला. पूर्णतः पडलेल्या घरासाठीची रक्कम दीड लाखावर नेण्यात आली. परंतु कोकणात जमीन हेक्टरात नव्हे, गुंठ्यात मोजली जाते. दहा गुंठ्यांच्या वाडीला या दराने सुमारे ५,००० रुपये येतात. तक्रारी झाल्यावर पुढे झाडाप्रमाणे दर ठरला : नारळास २५० रुपये, पोफळीस ५० रुपये. शंभर पोफळी पडलेल्या कुटुंबाला पुन्हा ५,००० रुपयेच. त्यातही सातबाऱ्यावर अनेक हिस्सेदारांची नावे आणि त्यांतील निम्मे मुंबईस, अशी स्थिती असेल तर संमतीपत्रे जुळविण्यातच महिने जातात. सरकारी मदत हा तातडीचा आधार असतो. गेलेल्या मालमत्तेची किंमत नसते. हा भेद ज्यांनी लवकर ओळखला, ते लवकर कामाला लागले.

पहिले काम होते छपराचे. पावसाळा तोंडावर होता, वीज अनेक गावांत कित्येक दिवस नव्हती, मोबाइल मुके झाले होते आणि टाळेबंदीमुळे वाहतूकही मर्यादित होती. ताडपत्री, पत्रे आणि कौले यांची मागणी एकदम वाढली. अशा दिवसांत भाव कोणता लावायचा, हा प्रश्न प्रत्येक दुकानदारापुढे उभा राहतो. त्या आठवड्यात मिळू शकणारा जादा नफा वहीत दिसतो. त्यामुळे दुरावलेले गिऱ्हाईक वहीत दिसत नाही. परंतु गाव लहान असते आणि गावाची आठवण लांब असते.

दुसरे काम वाडी मोकळी करण्याचे. आडव्या झालेल्या माडाचे ओंडके विकून फारसे पैसे येत नाहीत आणि कापून बाहेर काढण्याची मजुरी मात्र मोठी. तरीही ते तसेच ठेवणे महागात पडते. कुजणाऱ्या खोडांत गेंड्या भुंगा वाढतो आणि तोच पुढे नव्या माडांचे कोंब पोखरतो. जुन्या नुकसानाची विल्हेवाट लावण्याचा खर्च टाळला, तर नव्या गुंतवणुकीस धोका संभवतो. बुडीत येणे वर्षानुवर्षे ताळेबंदात मिरविणाऱ्या पेढीची अवस्थाही याहून वेगळी नसते.

तिसरे काम नव्या लागवडीचे. पोफळीच्या कोवळ्या रोपाला कडक ऊन सोसत नाही. जुनी झाडे पडल्याने वाडीतील सावलीच गेली होती. म्हणून आधी केळी लावायच्या. केळ वर्ष-सव्वा वर्षात घड देते, घरखर्चास हातभार लावते आणि तिच्या सावलीत पोफळ मुळे धरते. लवकर पैसे देणाऱ्या छोट्या पिकाच्या आधाराने दीर्घ मुदतीचे भांडवल पुन्हा उभारायचे, ही त्यामागील नीती. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले; वर्ष पुरे होण्याआधी पुन्हा घोर लागला. तरीही लागवड थांबली नाही.

या जिल्ह्याला समुद्र नाही. पण दुष्काळात वाळलेली श्रीगोंद्याची लिंबाची बाग किंवा राहात्याची पेरूची बाग हाच प्रश्न घेऊन दारी येते. अशा बागायतदाराची उधारी दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी मिटलीच पाहिजे, असा आग्रह धरून वसुली होत नाही. खाते मात्र तुटते. रिझर्व्ह बँकेच्या नैसर्गिक आपत्तीविषयक नियमांत ३३ टक्के वा अधिक पीकहानी झालेल्या घोषित भागांत कर्जफेडीची मुदत वाढवून देण्याची तरतूद राहिली आहे. ५० टक्के वा अधिक हानी असल्यास ही मुदत पाच वर्षांपर्यंत नेता येत असे. कर्जदाराने मात्र वेळेत शाखेत जाऊन विचारले पाहिजे. बँक नियमाने जे करते, ते व्यापाऱ्याने विवेकाने करावे : मुद्दल लिहून ठेवावे, हप्ते लहान करावेत आणि पहिला घड येईपर्यंत धीर धरावा.

स्वतःच्या दुकानाचाही विचार याच वेळी करावा. मालाच्या अग्निविम्यात वादळ व पूर यांचे संरक्षण आहे ना, हे पॉलिसी काढून पाहावे. दुकानात दहा लाखांचा माल आणि विमा केवळ सहा लाखांचा असेल, तर दोन लाखांच्या नुकसानीपोटी सरासरीच्या अटीनुसार एक लाख वीस हजारच मिळतात. बँकेच्या कर्जाएवढाच विमा उतरविणारे अनेक जण येथे फसतात. भिजलेला माल सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत फेकू नये. त्याची छायाचित्रे काढावीत आणि विमा कंपनीस त्वरित लेखी कळवावे. खरेदीची बिले व येणे-बाकीची यादी यांची एक प्रत दुकानाबाहेर असावी.

२०२० च्या पावसाळ्यात लावलेल्या पोफळी आता फळ धरण्याच्या वयाला येत आहेत. मधल्या वर्षांत ती कुटुंबे केळीच्या घडावर, मुंबईहून येणाऱ्या पैशावर आणि वाण्याने थांबविलेल्या उधारीवर जगली. यांतील शेवटचा आधार व्यापाऱ्याच्या हातचा आहे. वादळ कोणाच्या हाती नसते. थांबण्याची मुदत किती द्यायची, हे मात्र पेढीवर बसणाऱ्यालाच ठरवायचे असते.