समजूत घालून मंत्रचळ जात नाही! हिंगोलीला शिकलेला थेरपिस्ट पाहिजे

मंडळी, पीकविमा, रस्ते, टँकर यावर मी नेहमीच लिहितो. आजचा विषय घरातल्या मोरीत लपलेला आहे, म्हणून तो कधी बातमीत येत नाही. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

नळाला आलेलं सगळं पाणी हात धुण्यात घालवणारी बाई तुम्ही पाहिली असेल. बाजारातून आलेल्या नोटा धुऊन वाळत घालणारा माणूस ऐकला असेल. परीक्षा तोंडावर आली तरी दोन-दोन तास बाथरूममधून बाहेर न येणारं लेकरू एखाद्या नातेवाइकाच्या घरी असेल. लोक म्हणतात, "लई सोवळ्याची आहे", "स्वच्छतेचा सोस आहे". जुन्या माणसांकडं याला नेमका शब्द आहे, मंत्रचळ. डॉक्टर याला ओसीडी म्हणतात. यात घाणीची, विटाळाची, रोगाची भीती एकदा मनात शिरली की निघत नाही, अन् धुतल्याशिवाय जीव थाऱ्यावर येत नाही.

हे दुर्मीळ नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्यात १००० प्रौढांमागं साधारण ८ जणांना ओसीडी आढळला. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी तोच हिशोब आपल्याला लावून बघा. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. म्हणजे ढोबळमानानं पाच-साडेपाच हजार माणसं. सगळ्यांचा ओसीडी धुण्याचाच असतो असं नाही, पण धुण्याचा प्रकार नेहमी दिसणाऱ्यांपैकी एक.

या आजारावर उपचार आहे. गोळ्या आहेत, त्यांचा उपयोग होतो, डॉक्टरांनी दिल्या असतील तर स्वतःच्या मनानं बंद करू नका. पण दुसरा अर्धा उपचार गोळीत मावत नाही. त्याला ईआरपी म्हणतात. सोप्या भाषेत, ज्याची भीती वाटते त्याला ठरवून सामोरं जायचं अन् मग धुण्याचा विधी करायचा नाही. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं दोन रुग्णांवर हे करून दाखवलं. पुढं अमेरिकेत १२२ रुग्णांवर झालेला अभ्यास २००५ मध्ये छापून आला. नुसत्या गोळीनं १०० पैकी ४२ जणांना चांगला फरक पडला, ईआरपीनं ६२ जणांना, दोन्ही मिळून ७० जणांना. नुसती साखरेची गोळी दिलेल्यांत फक्त ८.

आता खरा मुद्दा. इतर दुःखात माणसाला धीर दिला, समजूत घातली की बरं वाटतं. या आजारात समजूत घालणं हेच विष ठरू शकतं.

कारण आजाराची चाल अशी आहे. घाणीचा विचार येतो, जीव घाबरा होतो, हात धुतले की सुटल्यासारखं वाटतं. ही सुटका मेंदूला शिकवते की धुतलं म्हणून वाचलास. मग पुढच्या वेळी जास्त धुवावं लागतं. आता ती बाई विचारते, "माझे हात स्वच्छ आहेत ना?" नवरा म्हणतो, "आहेत गं." तिला दोन मिनिटं बरं वाटतं, अन् ती पुन्हा विचारते. ते "आहेत गं" म्हणजे तोंडी हात धुणंच झालं! दिवसातून चाळीस वेळा घरचे तिला असं धुऊन देतात, अन् महिन्यातून एकदा समुपदेशकही तेच करून देतो.

माझ्या ओळखीच्या एका घरातली सून चार वर्षं अशी फिरली. हाताला चिरा पडल्या म्हणून आधी चामडीच्या डॉक्टरकडं. मग देवऋषी. मग एका शहरात समुपदेशन. तिथं सांगितलं, "मन दुसरीकडं वळवा, ध्यान करा, सकारात्मक राहा." घरी आल्यावर सासऱ्यानं साबण कुलपात ठेवला. तिनं राखेनं हात घासले. जबरदस्तीनं पाणी बंद करणं म्हणजे ईआरपी नव्हे. ईआरपीत पायरी रुग्णच निवडतो, थेरपिस्ट सोबत उभा राहतो.

अन् सोबत उभं राहणं म्हणजे खुर्चीत बसून सांगणं नव्हे. रुग्णाबरोबर भीतीची पायऱ्या-पायऱ्यांची यादी करायची. खालच्या पायरीपासून सुरुवात. थेरपिस्टनं आधी स्वतः हात लावायचा, मग रुग्णानं, अन् दोघांनी न धुता बसायचं. भीती चढते, आपोआप उतरते. उतरली नाही तरी "मी हे सोसू शकते" एवढं कळतं. घरच्यांनी काय उत्तर द्यायचं, हेही शिकवायचं. हे पुस्तक वाचून येत नाही. जाणत्याच्या देखरेखीखाली रुग्ण हाताळूनच येतं, जसं टाका घालणं बघून येत नाही.

पुन्हा पुण्या-मुंबईची यादी इथं चालत नाही. आपल्या यादीत एसटीचा दांडा येईल, वसमतच्या मोंढ्यातलं हळदीचं पोतं येईल, गोठा येईल, दुखवट्याचं घर येईल. फवारणीच्या पंपाची भीती आली तर थेरपिस्टला शेती कळली पाहिजे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. तिथं हात धुणं हा आजार नाही, शहाणपण आहे. फवारणी करून आलेल्यानं साबणानं हात धुवावेतच. पण चार दिवसांपूर्वी फवारलेल्या शेताच्या रस्त्यानं गेलेल्या नवऱ्याला अंगणात उघडं करून अंघोळ घालणं, हा आजार. हा फरक ओळखायला शिकवावं लागतं.

सोवळ्या-ओवळ्याचंही तसंच. रीत असते तिला शेवट असतो, एकदा अंघोळ झाली की झालं. मंत्रचळाला शेवटच नसतो. थेरपिस्टनं कुणाच्या देवाशी भांडू नये, पण कुणाच्या स्पर्शानं विटाळ होतो या जातीच्या रोगालाही मान डोलावू नये.

काही जण म्हणतील, इथं साधे डॉक्टर मिळत नाहीत अन् तुम्ही थेरपिस्ट कुठले मागता? तर ऐका. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ मध्ये राज्यानं १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात हिंगोली आहे. २०२४ मध्ये आपल्याला १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १८ उपचाराचा हक्क देतं. सांगाडा उभा आहे, त्यात हे कौशल्य भरायचंय. मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता, परिचारिका हे काम शिकू शकतात. त्याला नवी इमारत लागत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. जिल्हा रुग्णालय अन् वैद्यकीय महाविद्यालयानं मिळून निदान चार जणांना ईआरपीचं प्रशिक्षण द्यावं. दोन दिवसांची कार्यशाळा अन् प्रमाणपत्राचा फोटो नको. वर्षभर जाणत्या थेरपिस्टच्या देखरेखीखाली रुग्ण हाताळणं पाहिजे. निम्हान्सची डिजिटल अकादमी ऑनलाइन शिकवते, बंगळूरला जायची गरज नाही.

२. आशाताई घरोघर जातात तेव्हा दोनच प्रश्न जास्तीचे विचारावेत. दिवसातला किती वेळ धुण्यात जातो? न धुता राहिलं तर काय होतं?

३. चामडीच्या डॉक्टरांनी चिरा पडलेल्या हाताला मलम देताना हेच विचारावं.

४. शिकलेला माणूस बदली होऊन गेला तर त्यानं आधी दुसरा तयार केलेला असावा.

आत्महत्येचा प्रश्न मोठा की हा, असं मोजू नका. बाथरूममध्ये आयुष्य चाललेला माणूसही खचतोच. शिवाय काम करणारी माणसं तीच आहेत, त्यांच्या हाताला एक कसब जास्त द्यायचंय.

तोवर ज्यांच्या घरी हे आहे त्यांनी १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करावा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. घरच्या माणसाला हसू नका, ओरडू नका, अन् चाळीस वेळा "स्वच्छ आहे" असंही म्हणू नका.

अन् येत्या निवडणुकीत कुणी आरोग्यावर भाषण ठोकायला आला, तर त्याला एवढंच विचारा की हिंगोलीत ईआरपी येणारं माणूस कोण आहे, नाव सांगा. ज्या दिवशी या प्रश्नाला नाव मिळेल, त्या दिवशी मी त्याची बातमी पहिल्या पानावर लावीन.