उतरलेले वजन आणि पुढची वर्षे

लंडनमध्ये राजघराण्याच्या अंत्ययात्रांची व्यवस्था ज्या पेढीकडे असे, त्या पेढीचे विल्यम बँटिंग हे गृहस्थ वयाच्या पासष्टीनंतर आपल्या देहभाराने पुरते जेरीस आले होते. वाकून बुटाचे बंद बांधता येत नसत. जिना उतरावयाचा तर पाठमोरे उतरावे लागे. व्यायाम, नौकानयन, बाष्पस्नाने असे नाना उपाय करून झाले. वजन मात्र हलले नाही. अखेर ऐकू कमी येते या तक्रारीसाठी ते विल्यम हार्वे या कानाच्या वैद्यांकडे गेले आणि हार्वे यांनी कानाऐवजी ताटाकडे बोट दाखविले. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे वर्ज्य करावेत, असा तो सल्ला होता. १८६२ च्या ऑगस्टमध्ये २०२ पौंड असलेले बँटिंग यांचे वजन सुमारे वर्षभरात ४६ पौंडांनी उतरले. १८६३ साली त्यांनी आपला अनुभव एका पत्राच्या रूपाने स्वखर्चाने छापून लोकांत वाटला. तो इतका गाजला की, त्यांच्या नावावरून स्वीडिश भाषेत रूढ झालेले ‘बांता’ हे क्रियापद पथ्याने वजन उतरविणे या अर्थी आजही वापरात आहे. बँटिंग १८७८ साली, ८१ वर्षांचे होऊन निवर्तले.

त्यानंतरच्या सुमारे दीडशे वर्षांत या पथ्याने अनेक नावे धारण केली. बँटिंग यांनी लोणी सोडले होते. त्यांच्या आजच्या वारसांनी ते सन्मानाने परत बोलाविले, हा फरक सोडला तर पिष्टमय पदार्थ हेच स्थूलतेचे मूळ, हा मूळ सिद्धान्त कायम राहिला. १९७२ साली रॉबर्ट अ‍ॅट्किन्स या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी त्याला पुस्तकरूप दिले आणि त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. अमेरिकन वैद्यक संघटनेने पुढच्याच वर्षी त्यावर कडक टीका केली; वाचक काही हटले नाहीत. आज ‘कीटो’ या नावाने तेच पथ्य मराठी घरांतही पोचले आहे. भात, पोळी, भाकरी, साखर आणि बटाटा यांना रजा. तूप, लोणी, पनीर, अंडी, मांस आणि खोबरे यांना मान. दोन-तीन महिन्यांत कपडे सैल होतात, सहकारी विचारपूस करू लागतात आणि अनुभवाचे बोल कचेरीतून शिक्षकांच्या खोलीत व तेथून वसतिगृहात पसरतात. हे अनुभव खोटे नसतात. त्यांच्याविषयी विचारावयाचा प्रश्न एकच आहे : ते कितव्या महिन्यातील आहेत?

या पथ्याने वजन उतरते, हे प्रथम मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पिष्टमय आहार थांबला की, यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठविलेली शर्करा आधी खर्ची पडते. या साठ्यातील प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा गेला की ते पाणीही जाते. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो, तो मुख्यत: या पाण्यामुळे. पुढे इन्शुलिनची पातळी घटते, यकृत मेदापासून कीटोन तयार करू लागते आणि मेंदूदेखील त्यांवर आपली बरीचशी गरज भागवितो. प्रथिनांचे प्रमाण वाढल्याने भूक मंदावते. शिवाय वडापाव, बिस्किटे, फरसाण, मिठाई आणि साखरेचा चहा असे सारे एकदम वर्ज्य झाल्यावर खाण्यासारखे उरतेच थोडे. तेव्हा वजन न उतरते तरच नवल!

परंतु आरंभीच्या या वेगाचे पुढे काय होते? अमेरिकेत ६३ स्थूल व्यक्तींवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. अ‍ॅट्किन्स यांच्या पथ्यावर असलेल्यांचे वजन सहा महिन्यांत सरासरी ७ टक्क्यांनी, तर मेद कमी करणाऱ्या रूढ पथ्यावरील मंडळींचे ३.२ टक्क्यांनी उतरले होते. विजय स्पष्ट दिसत होता. वर्ष पुरे होईतो मात्र हे आकडे ४.४ आणि २.५ टक्के असे झाले आणि त्यांतील फरक शास्त्रीय कसोटीवर टिकण्याजोगा राहिला नाही. सहाव्या महिन्यात ज्याची वाहवा झाली, त्याला बाराव्या महिन्याने जमिनीवर आणले.

याहून दीर्घ आणि म्हणूनच अधिक बोलका प्रयोग इस्रायलमधील डिमोना येथे झाला. तेथील अणुसंशोधन केंद्रात काम करणाऱ्या ३२२ जणांची तीन गटांत विभागणी करण्यात आली. पहिल्या गटास कमी मेदाचा, दुसऱ्यास भूमध्य सागरी प्रदेशातील पद्धतीचा आणि तिसऱ्यास कमी पिष्टाचा आहार ठरवून दिला. दुपारचे जेवण कामाच्याच ठिकाणच्या उपाहारगृहात मिळे आणि कोणता पदार्थ कोणत्या गटाचा, हे रंगांच्या खुणांनी दाखविलेले असे. इतकी सोय सामान्य कारकुनाच्या वाट्याला येणे दुर्मिळच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांअखेर तीन गटांचे वजन अनुक्रमे २.९, ४.४ आणि ४.७ किलोंनी कमी झाले होते. कमी पिष्टाच्या आहाराचे समर्थक हा आकडा नेहमी सांगतात, आणि त्यात गैर काही नाही. संशोधकांनी मात्र चार वर्षांनी पुन्हा याच मंडळींची वजने घेतली. आरंभापासून सहा वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा कमी मेदाच्या गटाची घट ०.६ किलो, कमी पिष्टाच्या गटाची १.७ किलो आणि भूमध्य पद्धतीच्या गटाची ३.१ किलो उरली होती. दोन वर्षांच्या शर्यतीत जो पुढे होता, तो सहा वर्षांच्या वाटचालीत मागे पडला. भाज्या, कडधान्ये, मासे, ऑलिव्हचे तेल आणि सुकामेवा असलेले, कोणत्याच अन्नाशी उभे वैर न धरणारे जेवण माणसांना अधिक काळ जेवता आले, असाच याचा सरळ अर्थ दिसतो.

वजन परत येते, याचा दोष बहुधा माणसाच्या दुबळ्या निश्चयावर टाकला जातो. हा आरोप अन्यायाचा आहे. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प आहारावर ठेवून त्यांचे वजन उतरविण्यात आले. भूक वाढविणारी आणि तृप्ती देणारी संप्रेरके त्यामुळे बदलली. आणि वर्ष उलटल्यावरही ती पूर्वपदावर आलेली नव्हती. शरीर गमावलेला साठा परत मिळविण्यासाठी दीर्घकाळ खटपट करीत राहते, असा याचा अर्थ होय. जो मनुष्य तिसऱ्या वर्षी पुन्हा जाड झाला, तो केवळ जिभेपुढे हरला नाही. आपल्याच देहाच्या एका जुन्या आणि चिवट व्यवस्थेशी तो एकटा झुंजत होता. मग जी पथ्ये त्याला या झुंजीची पूर्वकल्पना न देताच मैदानात उतरवितात, त्यांना दोषमुक्त का समजावे?

येथेच अनुभवांच्या साक्षीचा प्रश्न उपस्थित होतो. सात-आठ वर्षे भात-पोळीला न शिवता सुखाने राहणारी माणसे आहेत. त्यांचे वजन टिकले आहे, काहींची मधुमेहाची औषधे कमी झाली आहेत आणि ते उत्साहाने इतरांना सांगतात. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु साक्ष देण्यास पुढे येतात ते टिकलेले. जे चौथ्या महिन्यात मुकाट्याने वरण-भाताकडे परतले, ते व्यासपीठावर चढत नाहीत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी मेदाच्या गटाचे वजन सरासरी ५.३ आणि कमी पिष्टाच्या गटाचे ६ किलोंनी उतरले. म्हणजे दोहोंत फारसा फरक नव्हता. पण सरासरीच्या पोटात दडलेली विषमता अधिक उद्बोधक होती. दोन्ही गटांत काहींचे वजन पंचवीस किलोंहून अधिक उतरले, तर काहींचे चक्क आठ-नऊ किलोंनी वाढले. एकाच पथ्याची स्तुती करणारा आणि त्याच्या नावाने बोटे मोडणारा, दोघेही खरे बोलत असू शकतात. एकाचा अनुभव हा दुसऱ्यासाठी नियम ठरत नाही, एवढेच यातून निष्पन्न होते.

पथ्य का सुटते, हे कळण्यास प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. मध्यमवर्गीय मराठी स्वयंपाकघरात डोकावले तरी पुरे. तेथे एका शेगडीवर कुकर चढतो आणि दुसरीवर पोळ्या होतात. त्यातल्या एकानेच पीठ आणि भात सोडला की, घरातील बाईला दुसरा स्वयंपाक करावा लागतो. पनीर, अंडी, बदाम आणि तूप यांवर पोट भरावयाचे, तर महिन्याचा किराणा फुगतो. जो शाकाहारी आहे, त्याची निवड आणखी आक्रसते, कारण त्याच्या प्रथिनांचा मुख्य आधार असलेल्या डाळी-उसळींनाही कडक पथ्यात जवळजवळ मज्जावच असतो. गणपतीचे मोदक, होळीची पुरणपोळी, लग्नातली पंगत, शाळेतला डबा या प्रत्येक ठिकाणी पथ्य पाळणारा पंक्तीतून उठून बाजूला बसतो. तीन महिने हे निभते. तीन वर्षे निभावयाचे, तर घराने साथ द्यावी लागते. आणि ती साथ आहारतक्त्यात छापून मिळत नाही.

धोक्याचा विचारही तितकाच आवश्यक आहे. कीटोन वाढविणारा आहार हा वैद्यकात नवा नाही. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी तो अपस्मारासाठी सुचविला आणि औषधांना न जुमानणाऱ्या बालकांच्या अपस्मारावर तो आजही वापरला जातो. परंतु तेथे डॉक्टर व आहारतज्ज्ञ मुलावर सतत नजर ठेवून असतात. मूत्रपिंडात खडे होणे, वाढ मंदावणे, रक्तातील मेद चढणे या उपद्रवांची त्यांना जाणीव असते. जे रुग्णालयात इतक्या सावधपणे दिले जाते, ते घरी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सुरू व्हावे, हे चिंताजनक आहे. इन्शुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने औषधाची मात्रा न बदलता पिष्ट तोडले, तर शर्करा एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. लघवीवाटे शर्करा बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या चालू असताना असे पथ्य केल्यास, शर्करेचा आकडा फारसा न चढताही रक्तात आम्लता साचण्याचा गंभीर धोका संभवतो. काहींच्या रक्तात हृदयाला अपायकारक कोलेस्टेरॉलही बरेच वाढते. त्याचा पत्ता वजनकाट्यावर लागत नाही, त्यासाठी रक्त तपासावे लागते.

पिष्टाच्या जागी काय येते, यावरही बरेच अवलंबून आहे. अमेरिकेतील १५ हजारांहून अधिक प्रौढांची सुमारे पंचवीस वर्षांची माहिती २०१८ साली ‘लॅन्सेट’ समूहाच्या एका नियतकालिकात आली. आहारातील निम्मी किंवा त्याहून किंचित अधिक ऊर्जा पिष्टातून घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी होते; फार कमी आणि फार जास्त पिष्ट घेणाऱ्या दोन्ही टोकांना ते वाढलेले होते. पिष्टाची जागा प्राणिजन्य मेद व प्रथिनांनी घेतली तेथे प्रमाण अधिक आणि वनस्पतिजन्यांनी घेतली तेथे कमी आढळले. अशा निरीक्षणांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि लोण्याचा गोळा आणि मूठभर शेंगदाणे यांना एकाच मापाने मोजू नये, इतका बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

याचा अर्थ, आहे ते ताट उत्तम आहे, असा कोणी घेऊ नये. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीतून २०२५ साली पुढे आलेल्या माहितीनुसार, भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते आणि त्यांत सडलेला तांदूळ, दळलेले धान्य व साखर यांचाच भरणा असतो. पिष्टाची एकूण मात्रा तशीच ठेवून केवळ भाताऐवजी गहू किंवा भरडधान्य घेतल्याने मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. पिष्टातील ऊर्जेचा पाच टक्के भाग वनस्पती, दूधदुभते, अंडी किंवा मासे यांच्या प्रथिनांनी भरून काढला, तेथे मात्र तो कमी आढळला. बँटिंग यांच्या सल्ल्यात तथ्य होते, याचाच हा पुरावा. पण त्या तथ्याचे प्रमाण पाच-दहा टक्क्यांचे आहे, सर्वसंगपरित्यागाचे नव्हे. भाताची मूद लहान करणे, उसळीची वाटी मोठी करणे, चहातील साखर सोडणे या गोष्टींत चमत्कार नाही, आणि म्हणून त्यांची जाहिरातही होत नाही. मात्र त्यांसाठी घरात दुसरी चूल मांडावी लागत नाही.

ज्यांना हे पथ्य मानवते, ज्यांची रक्ततपासणी वेळोवेळी होते आणि ज्यांच्या घराने ते स्वीकारले आहे, त्यांनी ते खुशाल चालवावे. त्यांना हिणविण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु जे डॉक्टर, सल्लागार आणि विक्रेते हे पथ्य इतरांच्या गळी उतरवितात, त्यांनी तीन महिन्यांपूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र दाखवून थांबू नये. आपल्याकडे आलेल्यांपैकी किती जण पाचव्या वर्षीही हलके आहेत, किती जण सोडून गेले आणि का, हा हिशेब त्यांनी मांडला पाहिजे. ग्राहकानेही पैसे मोजण्यापूर्वी तो मागितला पाहिजे. ज्याच्यापाशी हा हिशेब नाही, त्याच्या सल्ल्यावरून पिढ्यान् पिढ्यांची भाकरी ताटातून उठवावी, इतके त्या सल्ल्याचे वजन खासच नाही.